खारघर कॉलेजांचं गाव झालंय, पण पुढची वाढ ठरवताना विचारायचं कोणाला?

सेक्टर_बारा

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला की यापुढे विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. कारणं नेहमीचीच: रात्री उशिरा येणं, गॅलरीत सिगरेट, एका फ्लॅटमध्ये सातजण, लिफ्ट सतत वर-खाली. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांच्या मुलाने पुण्यात अशाच एका फ्लॅटमध्ये राहून इंजिनिअरिंग केलं. सभेत सगळ्यांना ते माहीत होतं. कोणी ब्र काढला नाही.

त्याच सभेत, त्याच लोकांची दुसरी तक्रार: सकाळी स्टेशनबाहेर रिक्षा मिळत नाही, उत्सव चौकात कोंडी, कॉलेज सुटायच्या वेळेला रस्ता ओलांडता येत नाही. आणि तिसरी, जरा खालच्या आवाजात: कॉलेजं आहेत म्हणून आपल्या जागेला भाव आहे.

मला प्रश्न पडलाय तो ठरावाच्या पलीकडचा. हा नोड, म्हणजे नवी मुंबईतला हा आखीव विभाग, सिडकोने (शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने) आखला तेव्हा शिक्षणसंस्थांसाठी भूखंड ठेवले, ते भरले. मोठी इंजिनिअरिंग कॉलेजं आली, फॅशनचं निफ्ट आलं, टाटाचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आलं. आता विमानतळाजवळ एज्युसिटी येतेय, २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रंही दिली गेली. म्हणजे इथे शिकायला येणारी मुलं कमी होणार नाहीत. ती राहणार कुठे, जेवणार कुठे, येणार-जाणार कशी, हे ठरवताना इथे राहणाऱ्यांना विचारण्याची काही रीत आहे का? की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'हरकती व सूचना'ची नोटीस येते, तेवढीच?

जाणकारांनी लिहा. राजकारण नको, ते दुसऱ्या धाग्यावर जोरात चालू आहे.

---

हार्बरवाला

रिक्षाबद्दल आधी लिहितो, कारण आराखडा म्हणजे काय ते मला तिथेच कळतं. मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, बेलापूर ते पेंधर, अकरा स्टेशनं. उत्सव चौक आहे, सेंट्रल पार्क आहे. खारघर रेल्वे स्टेशन मात्र त्यात नाही! ठाणे-पनवेल किंवा सीएसएमटी-पनवेल लोकलने येणारा मुलगा खारघरला उतरला की परत शेअर रिक्षाच्या रांगेत. मेट्रो हवी तर बेलापूरला उतरायचं. मेट्रो उत्तम आहे, मी वापरतो. पण सकाळी नऊला खारघर स्टेशनबाहेर दहा पोरांना उभं करून "तुम्ही कुठून आलात, कुठे चाललात" एवढंच विचारलं असतं, तर निदान फीडर बस तरी पहिल्या दिवसापासून धरली असती.

---

खवचट_काकू

विचारतात हो. आखणी झाल्यावर विचारतात. लग्न ठरल्यावर मुलीला पसंती विचारायचे तसं.

---

निवृत्त_आरेखक

नगररचनेत आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे सरका.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्यात क्रम असा: आधी आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर होतो. मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनतो, म्हणजे आज कुठे काय आहे ते. त्यावर प्रारूप विकास आराखडा, तो कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, आणि तीस दिवसांत हरकती-सूचना लेखी द्यायच्या. त्या ऐकायला कलम २८ खाली नियोजन समिती: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. शेवटी मंजुरी राज्य शासनाची.

लोकांचा सगळा जोर तीस दिवसांवर असतो. माझं म्हणणं, खेळ त्याआधीच संपलेला असतो. विद्यमान वापराच्या नकाशावर जे दिसत नाही, ते प्रारूपातही येत नाही. आठवा, मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत आला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला. चुकाच एवढ्या होत्या, आणि बऱ्याच लोकांनी आपापल्या गल्लीत फिरून शोधलेल्या.

आता खारघरकडे या. एखाद्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर पीजी आहे. सर्व्हे करणारा खालून बघतो आणि लिहितो 'निवासी'. नकाशावर पिवळा रंग. तिथे दोनशे मुलं राहतात, त्यांना अभ्यासिका लागते, दवाखाना लागतो, हे त्या पिवळ्यात कुठे दिसणार?

आणखी एक. हे नकाशे बहुधा १:१०,००० वर असतात, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे दहा मीटर. पेनाची रेघ जरा जाड ओढली गेली की गावठाणातलं एक घर तिच्याखाली जातं. कार्यालयातल्या भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहून लोक मान डोलावतात आणि घरी जातात. स्वतःचं घर शोधून काढल्याशिवाय तिथून हलू नका.

---

कोपऱ्याचा

आरेखक काका, रेघेचं बरोबर बोललात. आमच्या गावात हे रोजचं आहे.

सगळे सोसायटीचं बोलतायत म्हणून सांगतो. विद्यार्थी सगळ्यात जास्त कुठे राहतो? सेक्टरात नाय. कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे. आमच्याकडे. फ्लॅटमध्ये डिपॉझिट परवडत नाही, सोसायटी एनओसी देत नाही, मग पोरं गावात येतात. माझ्या घरावर दोन मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर दोन खोल्या. दहा बाय बाराची खोली, तीन लोखंडी खाटा, भिंतीला रॅक, पाणी सकाळी सहा ते साडेसात. त्यात लातूरचा, जळगावचा, बिहारचा, सगळे राहून गेलेत. एक तर आता अ‍ॅक्ट्रेकला कामाला आहे.

आणि ही घरं कागदावर काय आहेत? 'गरजेपोटी बांधलेली', म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीविना उभारलेली. नियमित करायचे निर्णय येतात, सुधारित निर्णय येतात, घर आहे तिथेच लटकलेलं. म्हणजे खारघरच्या शिक्षणाची निम्मी सोय ज्या घरात होते, ते घर नकाशाला मान्यच नाय.

विचारायचं म्हणता. नवी मुंबई आखली तेव्हा ९५ गावं होती इथे. सिडको १९७० ची. आमच्या आजोबांना कोणी नकाशा दाखवला नाही, थेट संपादनाची नोटीस आली. जासईला १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आमचे नेते दि. बा. पाटील साहेब उभे राहिले, तेव्हा घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाले. लोकसहभाग म्हणजे आमच्याकडे हा असा झालाय. तेव्हा सेक्टरवाल्यांनी एकदम नव्याने शोध लागल्यासारखं लिहू नये, राग मानू नका.

---

सेक्टर_बारा

राग कसला, दादा. हे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधी येतच नाही, म्हणून तर धागा काढला.

---

पाचवी_खाट

मी विद्यार्थिनी आहे, तिसरं वर्ष, मूळची परभणीची. नाव खाटेवरून. खोलीत चार खाटा होत्या, सेमिस्टर सुरू झाल्यावर पाचवी आली. दार आता अर्धंच उघडतं.

इथे सगळे 'रहिवाशांना विचारा' म्हणतायत. मी रहिवासी आहे का? या गावात सकाळचा चहा ते रात्रीचं जेवण पैसे देऊन घेते, रिक्षाला पैसे देते, भाडं देते. सोसायटीच्या सभेत जाता येत नाही कारण सभासद घरमालक. मतदान घरी. कॉलेजला काही विचारलं तर 'हॉस्टेल प्रस्तावित आहे'. माझ्या आधीच्या दोन बॅचनाही प्रस्तावितच होतं म्हणे.

आम्हाला मोठं काही नको. रात्री दहापर्यंत उघडी अभ्यासिका, स्टेशनपासून उजेड असलेला पदपथ, आणि मेसवाल्या मावशींना हुसकावून न लावता कुठेतरी कायमची जागा. त्यांची टपरी उचलली की त्या दिवशी शंभरेक पोरं वडापाव खातात. हे कुठे लिहायचं असतं?

---

निवृत्त_आरेखक

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात सरळ आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. प्रारूप आराखड्यावर हरकत 'कोणीही व्यक्ती' देऊ शकते. मालक असावं, मतदार असावं, करदाता असावं, अशी अट नाही. भाडेकरू देऊ शकतो, तुम्ही देऊ शकता, मेसवाल्या मावशी देऊ शकतात. पोच घ्यायची आणि सुनावणीला जायचं.

मतदानाचंही तसंच. वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणारा विद्यार्थी घरच्या पत्त्यावर किंवा शिकतो तिथल्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एका ठिकाणी नाव नोंदवू शकतो. फॉर्म ६ आणि कॉलेजचा बोनाफाइड.

---

गॅलरी_मालक

म्हणजे तीन वर्षांसाठी आलेली मुलं ठरवणार की वीस वर्षांनी खारघर कसं असावं? आम्ही कर्ज काढून घरं घेतलीत. सिडकोचे सेवाशुल्क आणि पालिकेचा मालमत्ता कर यांच्यात आमचं सँडविच झालं, तेव्हा ही मुलं कुठे होती? कॉलेजांनी आपापल्या भूखंडावर हॉस्टेलं बांधावीत, विषय संपला. निवासी सेक्टरात धंदा नको.

---

पाचवी_खाट

काका, मी तीन वर्षांनी जाईन. पण माझ्या खाटेवर दुसरी येईल. खाट वीस वर्षं इथेच आहे.

---

खवचट_काकू

टाळ्या. गॅलरीतून.

---

हार्बरवाला

@गॅलरी_मालक, आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. तेव्हा ठराव करून मुलं गायब होणार नाहीत, फक्त नोंदीतून गायब होतील. पण हॉस्टेलचा तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो. सवलतीत भूखंड घेतलेल्या संस्थेच्या भाडेपट्टा करारात काय काय अटी आहेत, वसतिगृह, मैदान, पार्किंग, ते माहिती अधिकारात मागवता येतं. माझ्या ओळखीतल्या एका संस्थेचं मैदान शाळा सुटल्यावर मुलांना खुलं ठेवायची अट होती, आणि गेटला कुलूप. अट कोणी वाचलीच नव्हती.

---

डेव्हिसची_सायकल

मी मूळचा नेरुळचा, हल्ली कॅलिफोर्नियात डेव्हिस नावाच्या गावात आहे. हे खरंखुरं कॉलेजचं गाव, विद्यापीठ काढून घेतलं तर उरतील टोमॅटोची शेतं. अमेरिकेतली पहिली सायकल लेन इथे १९६७ मध्ये आखली गेली, तीही सायकलवाल्या नागरिकांनी नगरपरिषदेची निवडणूक गाजवली म्हणून. हे कौतुक झालं.

आता दुसरी बाजू. २००० साली इथल्या मतदारांनी नियम केला की गावालगतची शेतजमीन शहरी वापरात घ्यायची असेल तर प्रत्येक वेळी सार्वमत घ्यायचं. ऐकायला स्वप्नवत. २०१० आणि २०२० ला लोकांनी तो पुन्हा मंजूर केला. परिणाम? प्रकल्पामागून प्रकल्प मतदानात पडले. शेती वाचली, हे खरं. पण घरं बांधली गेली नाहीत, भाडी चढली, आणि विद्यार्थी दूरच्या गावांतून ये-जा करू लागले, काही तर गाडीत झोपायचे. ज्यांचं घर आहे त्यांनीच कौल द्यायचा म्हटल्यावर 'आणखी कोणी नको' हाच कौल येतो.

निशी नावाची एक जागा आहे, विद्यापीठाला अगदी लागून. २०१६ मध्ये तिथला प्रस्ताव पडला. मग त्यातली कार्यालयं काढून फक्त विद्यार्थ्यांची घरं ठेवली, गाड्यांचा रस्ता बदलला, आणि २०१८ ला तोच तुकडा मंजूर झाला. दोन्ही वेळी मत देणारे लोक साधारण तेच. बदलला तो प्रस्ताव, आणि तो बदलला कारण पहिल्यांदा लोक नेमके कशाला नाही म्हणाले, हे कोणीतरी नीट ऐकलं.

तेव्हा गॅलरी_मालक यांच्यासारख्यांना बाजूला सारून चालणार नाही, आणि फक्त त्यांना विचारूनही चालणार नाही.

---

कर्वेनगरी

पुण्याहून. जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ मध्ये आला, त्यावर सुमारे ८७ हजार हरकती गेल्या. सत्याऐंशी हजार! शहर पेटून उठलं होतं. पुढे २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा पालिकेकडून काढून घेतला, शासनाची समिती बसली आणि २०१७ ला मंजूर झाला. हरकतींनी काहीच झालं नाही असं नाही, सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या अनेक जागा वाचल्या. पण हरकतींचा मोठा भाग छापील होता. एकच मजकूर, खाली वेगळी सही. असे गठ्ठे एकाच सुनावणीत निकाली निघतात.

आमच्याकडे २००६ पासून नागरिकांच्या सूचनांवरून अंदाजपत्रकात कामं घ्यायचीही पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा: पदपथ, बाक, बसथांबा. चांगली आहे, पण ती गल्लीपुरती. टेकडी राहणार की जाणार, हे त्या अर्जावर मावत नाही.

---

सेक्टर_बारा

क्षेत्रसभा म्हणून काही प्रकार होता ना? ग्रामसभेसारखा, पण शहरात?

---

निवृत्त_आरेखक

होता, आहे, कागदावर. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. त्यापुढे जाऊन महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात घातली, तेव्हा केंद्राच्या नेहरू योजनेचा निधी हवा होता. निधी आला, सभा आल्या नाहीत. तिथेही एक मेख आहे: क्षेत्रसभेचे सदस्य म्हणजे त्या भागाचे मतदार. पाचवी_खाट ताई पुन्हा दाराबाहेर. फॉर्म ६ भरा म्हणतो ते याचसाठी.

आणि शेजारच्या नवी मुंबई महापालिकेत तर नगरसेवकांची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासक. त्या काळातच, २०२२ मध्ये, त्यांचं प्रारूप आलं. प्रभागात जाऊन नकाशा समजावून सांगणारा निवडून आलेला माणूसच नव्हता. प्रशासकांनी काम वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण रात्री दहाला ज्याच्या घराची बेल वाजवता येते असा माणूस लागतो.

---

कोपऱ्याचा

काका, खारघरला कुठलं दार वाजवायचं तेच कळत नाय. खारघर ज्यात येतं ती पनवेल पालिका २०१६ ची, नोड सिडकोचा. पालिकेत गेलो की सिडकोकडे जा, सिडकोत गेलो की हस्तांतरण झालंय. दोन्हीकडे अर्ज देतो मी हल्ली, एकाच मजकुराचे, दोन्हींची पोच घेऊन.

---

निवृत्त_आरेखक

तेच करा. मूळ एका ठिकाणी, प्रत दुसऱ्याला, आणि प्रत दिल्याचं मुळात लिहा.

---

गॅलरी_मालक

डेव्हिसचं वाचलं. मी 'आणखी कोणी नको' म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की नाही नाही म्हणता माझ्या मजल्यावर हॉस्टेल झालंय, आणि मला कोणी विचारलं नाही. पाण्याचं कनेक्शन चार माणसांच्या हिशोबाचं आहे. उद्या विद्यार्थी निवास अशी वेगळी इमारत, वेगळं पाणी, खाली मेस आणि अभ्यासिका असेल आणि ती मेट्रो स्टेशनच्या चालण्याच्या अंतरात असेल, तर मी स्वतः सही करीन. पण मग ती सेंट्रल पार्ककडे करा, रात्री वर्दळ असते.

---

पाचवी_खाट

सेंट्रल पार्क चालेल काका. पण कॉलेजातल्या बऱ्याच मुली सात वाजल्यानंतर तिकडून चालत येत नाहीत. पार्कच्या कडेचा रस्ता एका बाजूने रिकामा आहे. उत्सव चौकाजवळ दुकानं उशिरापर्यंत असतात, तिथे बरं वाटतं. हे नकाशावर दिसत नाही.

---

गॅलरी_मालक

हे मला सुचलं नसतं. मुलगी नाही मला.

---

खवचट_काकू

मुलगी असायची गरज नाही, बायको असेलच. तिला विचारा, सातनंतर त्या रस्त्याने भाजी आणते का.

---

सेक्टर_बारा

मग एक करू या का? प्रारूप येईल तेव्हा येईल. त्याआधी आज काय आहे त्याचा आपला नकाशा. कोणत्या इमारतीत किती पीजी, मेस कुठे, झेरॉक्सवाले कुठे, अंधार कुठे, रिक्षा कुठे थांबते. आमच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी बसता येईल.

---

पाचवी_खाट

क्लबहाऊसच्या गेटवर आमची नावं, आधार, 'कोणाकडे' हे सगळं लिहून घेतात. निम्म्या पोरी परत जातील.

---

कोपऱ्याचा

गावात या. समाजमंदिर आहे, पंखे आहेत, चपला बाहेर काढायच्या एवढीच अट. पण पीजी किती ते लिहिताना घरमालकाचं नाव आणि घर नंबर लिहायचा नाय. उद्या तोच कागद घेऊन कोणी पाडायला आला तर गावात मला तोंड दाखवता येणार नाय. गल्लीप्रमाणे आकडा लिहा फक्त.

---

निवृत्त_आरेखक

अगदी रास्त. गल्लीप्रमाणे आकडा पुरेसा आहे, नियोजनाला नाव लागत नाही. गुगलचा नकाशा मोठा छापून आणा, १:२,००० च्या आसपास, म्हणजे घर बोटाने दाखवता येईल एवढं दिसेल. रंगीत पेन्सिली मी आणतो.

पुढे हरकती लिहाल तेव्हा प्रत्येकाने आपली, आपल्या शब्दांत. कर्वेनगरी म्हणतात तसा छापील गठ्ठा नको. जागा नेमकी सांगायची, काय हवं ते एका वाक्यात, का हवं ते दोन वाक्यांत. 'हॉस्टेल हवं' असं नको. 'अमुक सेक्टरातल्या रिकाम्या सार्वजनिक सुविधा भूखंडावर विद्यार्थिनी वसतिगृहाचं आरक्षण ठेवावं' असं.

---

पाचवी_खाट

एक अडचण आहे. आमची बॅच मे महिन्यात जाते. हरकत मार्चमध्ये दिली आणि सुनावणी पावसाळ्यात लागली तर?

---

निवृत्त_आरेखक

अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवता येतं. ज्युनिअर बॅचमधल्या कोणाला तरी आत्तापासून बरोबर घ्या. आणि पत्रव्यवहाराला खोलीचा पत्ता टाकू नका, सुट्टीत कोणी नसतं, सुनावणीचं पत्र परत जातं. मग नोंद होते: 'हरकतदार गैरहजर'.

---

कोपऱ्याचा

माझा टाका. खाली दुकान आहे, दिवसभर कोणीतरी असतंच. पण 'मार्फत' लिहून दुकानाचं नाव घाला, नाहीतर आमच्या गल्लीत एकाच आडनावाची नऊ घरं आहेत, पोस्टमन कुठेही टाकतो.